काशिरामचं मत

दमयंतीबाई कोळींची आणि माझी ओळख मतदान केंद्रावर झाली. मी तेव्हा पनवेलच्या तहसील कार्यालयात होते आणि निवडणूक आली की आम्हाला एखाद्या शाळेच्या वर्गात बसवून दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावायला लावत. सकाळचे साडेसात झाले असतील. रांगेत एकाएकी चुळबूळ सुरू झाली. पाहते तर मासळीची टोपली बाहेर व्हरांड्यात ठेवून एक उंच, सावळी बाई आत येत होती. उरणजवळच्या करंज्याच्या धक्क्यावर पहाटे लिलाव होतो, तिथून माल उचलून ती थेट मत द्यायला आली होती. पुढच्या दोघींनी पदर नाकाला लावले. बाई त्यांना म्हणाली, "लावा, लावा. दुपारी माज्याकडंच येनार तुमी पापलेट घ्यायला." दोघींचे पदर निमूट खाली आले.

शाईसाठी हात पुढे केला तर नेमकी त्याच बोटाला चिंधी. मासळी कापताना कोयता लागला होता. मी म्हटलं, शेजारच्या बोटाला लावू, नियमात बसतं. तर बाईंनी दातांनी गाठ सोडली आणि ताजी जखम माझ्यापुढे धरली. "सगल्यांना ज्या बोटाला लावता, त्यालाच लावा." मी लावली. झोंबली असणारच, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. आता मी निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण मासळी घ्यायला स्वतः बाजारात जाते आणि ती दमयंतीबाईंकडूनच घेते. दुसरीकडे स्वस्त मिळते हे मला माहीत आहे. मी ते त्यांना दर आठवड्याला ऐकवते. त्या ऐकून घेतात आणि भाव तोच ठेवतात.

बाईंनी आता साठी ओलांडली आहे. नवरा काशिराम. त्याची एक लहानशी होडी होती. अकरा वर्षांपूर्वी करंज्याच्या धक्क्यावर जाळं उतरवता उतरवता त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच गेला. एकच मुलगी, कोमल, ती लग्न होऊन उरणला. बाई पनवेलजवळच्या खाडीकाठी त्यांच्या पाड्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. पाड्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथले एक काका माझ्याशी बोलायचे बंद होतील, आणि त्यांच्याशी भांडण्यात मला फार मजा येते.

मत देण्याच्या बाबतीत बाई एखाद्या व्रतासारख्या कडक. ग्रामपंचायत असो की लोकसभा, सकाळच्या पहिल्या तासात त्यांचं बोट काळं झालेलं असतं. मत कुणाला दिलं ते मात्र ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "तीस वर्सं नवऱ्याला सांगितलं नाय, तुमाला सांगू? तो रोज विचारायचा. मी म्हनायची, ज्याला द्यायचं त्याला दिलं. तो हसायचा. शेवटपर्यंत हसायचा." एवढं बोलून त्यांनी समोरच्या सुरमईचं डोकं एका घावात उडवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

यंदा फेब्रुवारीत आमच्या महिला मंडळाने मला आठ मार्चला भाषण करायला सांगितलं. विषय होता बायकांच्या मताधिकाराचा इतिहास. निवडणूक शाखेत जन्म घालवला म्हणून मी त्यातली जाणकार, असा मंडळाचा समज. मी पुस्तकं आणली, वहीभर टिपणं काढली, आणि घरात ऐकायला कुणी तयार होईना. आमचे हे, म्हणजे कमळाकर, पहिल्या पानालाच घोरू लागले. मग मी ती वही घेऊन बाजारात गेले. गुरुवार होता. गुरुवारी मासळीबाजार थंड असतो. दमयंतीबाई मांदेली साफ करत बसल्या होत्या. मी शेजारच्या पालथ्या क्रेटवर बसले आणि वाचायला लागले.

"एकोणीसशे एकवीस साली मुंबई इलाख्यात बायकांना कायदेमंडळासाठी मत देता यायला लागलं."

"सगल्यांना?"

"नाही. ज्यांच्या नावावर मालमत्ता होती त्यांनाच."

"म्हंजे माज्या आजीला नाय."

"माझ्याही आजीला नाही."

"बरं. पुडं वाचा."

मी पुढे वाचलं. स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मत मिळालं, एकाच वेळी, बाई-पुरुष असा भेद न करता. पण पहिली मतदारयादी करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा देशातल्या लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. नावाशिवाय यादीत घेता येईना, म्हणून त्यांना वगळलं गेलं. इथे बाईंचे हात थांबले.

"मंग त्या बायांचं मत कोनी दिलं?"

"कुणीच नाही. वायाच गेलं."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं दुसराच देतो."

असं त्यांच्या पाड्याचं प्रकरण मला कळलं. वीस वर्षांच्या ओळखीत हे कधी निघालं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. भाव करण्यापलीकडे मी त्यांना फारसं काही विचारलेलंच नव्हतं, याची मला तेव्हा लाज वाटली.

पाड्याची गावकी आहे. गावकी म्हणजे पाड्याचा कारभार पाहणारी त्यांची आपली बैठक. जत्रा, भांडणतंटे, देवळाची डागडुजी, पाड्याच्या सामाईक जागा, सगळं तिथे ठरतं. वर्षातून चारदा बसते. पाड्यावर एकसष्ट घरं, आणि घराला एक मत. गावकीची एक जाडजूड वही आहे, तिच्यात प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाचं नाव. बैठक सुरू झाली की नावं पुकारायची, ज्याचं नाव त्याने "हाय" म्हणायचं, आणि मग ठरावाला हात वर करायचे. बायका मागे सतरंजीवर बसतात. चहा त्याच करतात.

"आणि तुमच्या घराचं नाव कोणाचं?" मी विचारलं.

"ह्यांचंच. ते पुकारतात, आनि माजा पुतन्या शैलेश हाय म्हनतो."

"काशिरामरावांचं नाव अजून पुकारतात? अकरा वर्षं?"

"पुकारतात की."

माझा पारा चढला. एकतीस वर्षं मी याद्यांमधून मेलेली माणसं काढण्यात घालवली. नाव वगळायच्या अर्ज सातच्या गठ्ठ्यांवर सह्या करून माझं मनगट दुखायचं. आणि इथे, तहसील कचेरीपासून रिक्षाच्या अंतरावर, एक मेलेला माणूस अकरा वर्षं नियमित मतदान करत होता आणि त्याची जिवंत बायको मागे बसून चहा गाळत होती! मी तिथेच बाजारात मोठ्या आवाजात सुरू झाले. घटना काय म्हणते, कायदा काय म्हणतो, तुम्ही लोक अजून कुठल्या काळात राहता, वगैरे वगैरे. शेजारच्या कोळणी कोयते थांबवून ऐकत होत्या.

दमयंतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ताय, तुमच्या बिल्डिंगीची मिटिंग होती ना? तितं तुमी मत देता?"

आमचा फ्लॅट कमळाकरांच्या नावावर आहे. सोसायटीच्या सभेची नोटीस त्यांच्या नावाने येते. सत्तावीस वर्षांत त्या सभेला मी गेलेली नाही. लिफ्टचं काय ठरलं ते हे घरी येऊन सांगतात आणि मी वाटाणे सोलता सोलता ऐकते. लाखो लोकांना शाई लावणाऱ्या मला आपल्याच जिन्यात मत नाही, हे त्या मांदेलीच्या ढिगापुढे बसून मला पहिल्यांदा जाणवलं.

"नाही देत," मी म्हटलं.

"मंग आपुन दोगी एकाच काळात राहतो," बाई म्हणाल्या, आणि बाकीच्या कोळणी इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं.

पण बाईंनी हा विषय काढला त्याला कारण होतं. पाड्याच्या कडेला मासळी सुकवायची मोकळी जागा आहे, तिला ते खळं म्हणतात. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत पाड्यातल्या बायका तिथे जवळा आणि मांदेली पसरतात, बांबूंवर बोंबील टांगतात. पावसाळ्याचे चार महिने त्या सुक्या मासळीवर घरं चालतात. शेजारी नवं लग्नाचं कार्यालय झालं होतं आणि त्यांना गाड्या लावायला जागा हवी होती. खळं वर्षासाठी त्यांना द्यायचं, असा ठराव मार्चमधल्या गावकीपुढे येणार होता. त्या जागेत रोज राबणाऱ्या सगळ्या बायका, आणि तिचं काय करायचं ते ठरवणारे सगळे पुरुष. शैलेश ठरावाच्या बाजूने हात वर करणार होता. एकदा आपल्या घराचा, म्हणजे त्याच्या गेलेल्या बापाच्या घराचा, आणि दुसऱ्यांदा काशिरामच्या घराचा.

"माज्या घराचा हात माज्या खळ्याच्या विरुद्ध वर जानार," दमयंतीबाई म्हणाल्या. "मी मागं बसून बगनार."

त्यांना मत मिळायला हवं असं मला वाटत होतं, त्यांच्याइतकंच, कदाचित जास्तच. घरी जाऊन मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सविनय सादर, सगळं यथासांग. दोन प्रती काढल्या आणि गावकीचे अध्यक्ष धर्मराजकाका यांच्याकडे गेले. सत्तरी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, मिस्कील डोळ्यांचा माणूस. अर्ज त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"अर्ज बेस हाय. पन गावकीत कागद चालत नाय. वही चालते."

"वहीत बाईचं नाव का नाही?"

"कारन कोनी लिवलं नाय." त्यांनी मला बसायला सांगितलं. त्यांच्या बायकोने, सोनाबाईंनी, पाणी आणलं आणि दाराआड न जाता तिथेच उभ्या राहिल्या. काका सांगू लागले. वहीत नाव बदलायची एक रीत आहे. बाप गेला की बारावं झाल्यावर पहिल्या गावकीत मुलगा उभा राहतो, बापाचं नाव आपल्या हाताने कापतो आणि त्याखाली आपलं लिहितो. दुसऱ्या कुणी ते कापायचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव परक्या हाताने कापणं म्हणजे त्याला घरातून हाकलणं. ज्याला मुलगा नाही त्याचं नाव तसंच राहतं, भाऊबंद त्याच्या वतीने "हाय" म्हणतात.

"बायकोने कापलं तर?"

"आजवर कोनी कापलं नाय. पन कापू नये असंबी कुटं लिवलेलं नाय." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "आमी तिला आडवलं असं तुमाला वाटतं ना? एकदा तिलाच विचारा. कापशील काय म्हनावं."

मी जवळजवळ धावतच बाजारात गेले. एवढंच ना! एक रेघ मारायची! मी आनंदाने सांगितलं आणि दमयंतीबाईंनी कोयता फळीवर आपटला. वीस वर्षांत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या.

"त्याचं नाव मी कापू?"

त्याच बोलत राहिल्या, आधी रागाने आणि मग हळूहळू आवाज खाली येत गेला.

"रेशन कार्डावरनं त्याला काडला. होडी विकली, तिच्यावर त्याचं नाव व्हतं, तेबी गेलं. मताच्या यादीतनं तुमच्या ऑफिसनं काडला, मला इच्यारलं पन नाय. आता ती एक वही उरली हाय. वर्सातनं चार टाइम त्याचं नाव मोट्यानं घेतात आनि कोनतरी हाय म्हनतं. मी त्यासाटीच जाते गावकीला. मी जलमात त्याचं नाव घेतलं नाय, आमच्यात घेत नाय. दुसऱ्यानं घेतलेलं मागं बसून ऐकते. शैलेशनं हाय म्हटलं की वाटतं, हाय."

डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. त्यांनी दंडाने गाल पुसला. मी तिथून मासळी न घेताच निघाले. त्या आठवड्यात माझ्याच्याने भाषणाच्या वहीला हात लावला गेला नाही. मी मनात अकरा वर्षांचा अन्याय मोजला होता आणि त्या माणसावर कुणाचं प्रेम असेल हे माझ्या हिशेबात कुठे नव्हतंच. यादीतून काढलेल्या हजारो नावांमागे अशीच कुणीतरी बसलेली असणार. अर्ज सातमध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता.

मी ठरवलं, आता या भानगडीत पडायचं नाही. बाईंचं दुःख बाईंचं. आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"ताय, उद्या गावकी हाय. या. लिवायला नको. नुसत्या बसा माज्याजवळ."

देवळासमोरच्या मंडपात गावकी बसली होती. पुढे पुरुष खुर्च्यांवर, मागे आम्ही सतरंजीवर. त्या दिवशी एकही घर गैरहजर नव्हतं. खळ्याचा ठराव होता ना! दमयंतीबाईंनी हिरवं कोळी लुगडं नेसलं होतं, सणाला नेसतात ते. हात मांडीवर घट्ट धरले होते. शेजारी सोनाबाई. समोर मेजावर ती वही, कोपरे झिजलेली, लाल कापडात बांधलेली. धर्मराजकाकांनी गाठ सोडली आणि नावं पुकारायला सुरुवात केली.

शैलेशचं नाव चौदावं आलं. "हाय," तो म्हणाला. पस्तिशीचा, अंगाने दणकट, चांगला मुलगा. काकीला दवाखान्यात न्यायला हाच असतो, हेही लिहायला हवं. पंधरावं नाव.

"काशिराम पोशा कोळी."

"हा..." शैलेशने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दमयंतीबाई उभ्या राहिल्या.

"नाय."

मंडपातल्या सगळ्या माना मागे वळल्या.

"तो नाय," बाई म्हणाल्या. "अकरा वर्सं झाली. वही द्या."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, बस खाली. कुणी म्हणालं, बाई कापणार काय आता? एकाने माझ्याकडे बोट दाखवून, ह्या शहरातल्या बाईनं तिला शिकवलंय, असं सांगितलं. मी उठणार होते, सोनाबाईंनी माझा हात दाबून मला बसवलं. शैलेश गोंधळून काकीकडे आला.

"काकी, काय करतेस? मी हाय ना."

"तू हायस, बाला. तुज्या बापाच्या घराचा हायस. आत्ताच हाय म्हनालास. एका तोंडानं दोन घरं नको बोलू."

तो खाली मान घालून बाजूला झाला. धर्मराजकाकांनी वही पुढे केली नाही, मिटलीही नाही. ते नुसते पानाकडे बघत राहिले. मला अर्ज परत देताना दाखवलेला मिस्कीलपणा कुठल्याकुठे गेला होता. अशी बाई खरोखर उभी राहील असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग मागून सोनाबाईंचा आवाज आला, आपल्याच नवऱ्याला, सगळ्या पाड्यासमोर.

"द्या की वही. काय बगताय? तिचा गेला म्हनून तिला निदान मागता येती. माजा जिता हाय, मी तर मुकीच मरनार!"

बायका हसल्या. काही पुरुषही हसले, मग इकडेतिकडे पाहू लागले. धर्मराजकाकांनी वही फिरवून टेबलाच्या या कडेला ठेवली आणि तिच्यावर पेन ठेवलं.

सतरंजीपासून टेबलापर्यंत वीस पावलं असतील. दमयंतीबाई गेल्या. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षरं लावून वाचतात. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि खाली खाली आणत पंधराव्या ओळीपाशी थांबल्या. पेन उचललं. आणि मग त्यांनी ते नाव वाचलं. मोठ्याने नाही, पण मंडप इतका चिडीचूप होता की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"काशिराम."

आयुष्यात पहिल्यांदा. तीस वर्षं संसार केला, अकरा वर्षं त्याच्यामागे काढली, आणि नाव घेतलं ते त्याच्यावर रेघ मारण्याआधी. माझ्या शेजारी सोनाबाई हुंदका देऊन रडल्या. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही. बाई रडल्या नाहीत. त्यांनी एक रेघ मारली, सरळ, डावीकडून उजवीकडे, सावकाश. पेन कागदावरून उचललं आणि खालच्या मोकळ्या जागेत एकेक अक्षर जोडत लिहिलं, दमयंती काशिराम कोळी.

आमच्या मंडळात कुणीतरी म्हणेल, तिथेही पुन्हा नवऱ्याचं नाव कशाला. त्यांनी खुशाल म्हणावं. ज्या हाताने त्याला कापलं त्याच हाताने बाईंनी त्याला पुन्हा आत घेतलं, आता आपल्या नावामागे, आपल्या मर्जीने. मी त्या जागी असते तर मला हे सुचलं असतं की नाही, शंकाच आहे.

धर्मराजकाकांनी घसा साफ केला आणि पुकारलं, "दमयंती काशिराम कोळी."

"हाय," बाई म्हणाल्या, आणि मागे आल्या नाहीत. तिथेच टेबलाशेजारी उभ्या राहिल्या. उरलेली नावं झाली. मग ठराव वाचला. बाई बोलू द्या म्हणाल्या आणि दोनच वाक्यं बोलल्या. खळं गेलं तर मासळी डांबरी रस्त्याच्या कडेला वाळवावी लागेल आणि ती कुणी खाणार नाही. पावसाळ्यात तुमच्या घरात काय शिजतं ते तुमच्या बायकांना विचारा आणि मग हात वर करा.

हात वर झाले. धर्मराजकाकांनी दोनदा मोजले. खळं देण्याच्या बाजूने छत्तीस. विरोधात पंचवीस.

हरलो. मी अशी तडकले की विचारू नका. लोक उठायला लागले, कुणीतरी ध्वनिक्षेपकावर गाणं लावलं, आणि मी मंडपाबाहेर येऊन दमयंतीबाईंवरच ओरडले. चुकीच्या माणसावर ओरडणं ही माझी जुनी सवय.

"एवढं केलंत! त्यांचं नाव कापलंत! आणि काय मिळालं? छत्तीस-पंचवीस! तुम्ही कापलं नसतं तर सदतीस-चोवीस झालं असतं, एवढाच फरक!"

बाई चपला शोधत होत्या. सापडल्या, पायात घातल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताय, तुमी किती वर्सं मत देता?"

"चाळीस झाली."

"तुमचा मानूस दर टायमाला निवडून येतो?"

"कुठला! दहात तीनदा आला असेल."

"मंग पुडच्या खेपेला घरी बसलात काय?"

मंडपातून खुर्च्या रचल्याचा आवाज येत होता. शैलेश लांब उभा राहून काकीकडे बघत होता, जवळ यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. बाईंनी त्याला हाताने थांब अशी खूण केली आणि माझ्याशी बोलू लागल्या. आवाज नेहमीचा झाला होता, बाजारातला.

"वर्सासाटी दिलं हाय खळं. पुडच्या मार्चला परत ठराव येनार. येकसट घरं. येकतीस लागतात. आपल्याकडं पंचवीस हायेत. सा कमी पडली." त्या बोटांवर सहा मोजून थांबल्या. "मी इतक्या गावक्या बगितल्या, पन हात कदी मोजले नवते. मोजून माजा काय उपेग व्हता?"

मग त्यांनी पदर खोचला, रस्त्यावर येणाऱ्या रिक्षाला हात केला आणि मला आत बसवलं.

"जा तुमी आता. मला सा घरं फिरायची हायेत, मानसं जेवायला बसायच्या आत."